मोमेंत, मोमेंत!

मुलीचा भौतिकशास्त्राचा पेपर परवा परत आला. सहाव्या प्रश्नात एका शब्दाखाली लाल रेघ आणि शेजारी बाईंचं एक छोटंसं प्रश्नचिन्ह. तो शब्द तिथे माझ्यामुळे गेला असं घरात सगळ्यांचं मत आहे. माझं मत वेगळं आहे, पण ते कुणी विचारलेलं नाही.

आम्ही पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफला राहतो. पेपर होता दृढ वस्तूच्या घूर्णन गतीवर. दृढ वस्तूला पोलिशमध्ये म्हणतात 'ब्रिवा श्तिव्ना', म्हणजे ताठर गोळा. सकाळी साडेसहाला मीही तेच असतो. आदल्या रात्री मी तिला सगळा धडा इंग्रजीत शिकवला, आणि सकाळी ट्राममध्ये तिला आठवलं की पेपर पोलिशमध्ये आहे.

"बाबा, अँग्युलर मोमेंटमला काय म्हणायचं?" म्हणजे फिरणाऱ्या वस्तूच्या संवेगाला: वस्तुमान, वेग आणि त्रिज्येच्या गुणाकाराला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. कारखान्यात बोल्ट आवळायचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) म्हणजे 'मोमेंत दोक्रेंत्सानिया', इंजिनचा टॉर्क म्हणजे 'मोमेंत ओब्रोतोवी', हे शब्द रोजच्या बोलण्यातले. पोलिशमध्ये कोनाला 'कोंत' म्हणतात, म्हणजे जवळजवळ मराठीच. मी बेधडक सांगून टाकलं, "मोमेंत कोंतोवी!"

"मोमेंत!" समोरून आवाज आला.

तपकिरी टोपी, पांढऱ्या मिशा, दोन गुडघ्यांमध्ये बटाट्यांची पिशवी. हे आजोबा तीन स्टॉपपासून खिडकीबाहेर बघत होते. 'मोमेंत' म्हणजे 'जरा थांबा', असं इथे दुकानदारापासून दंतवैद्यापर्यंत सगळेच म्हणतात. त्यामुळे ते मला थांबवताहेत की दुरुस्त करताहेत, हे कळायला वेळ लागला. ते दोन्ही करत होते.

"प्रोशें पाना," ते म्हणाले. इथे अनोळखी पुरुषाला 'पान' म्हणतात आणि बाईला 'पानी'. सात वर्षांत मला याची सवय झालेली नाही. दर वेळी वाटतं, आता चुना-कात विचारतील. "मोमेंत कोंतोवी असं काही नसतं. इंग्रजांचं मोमेंटम म्हणजे आपलं 'पेंत'. त्याचा मोमेंत काढला की 'मोमेंत पेंदू'."

नुसता असतो तेव्हा पेंत, कुणाचा झाला की पेंदू. मला कृष्णाचा पेंद्या आठवला आणि चेहऱ्यावर हसू आलं असावं. तेवढं त्यांना पुरलं. ते उठले. तिसऱ्या वळणावर, चालत्या ट्राममध्ये, एका हातात दांडा धरून त्यांनी दुसऱ्या हाताने बटाट्यांची पिशवी गोल फिरवायला घेतली.

"वस्तुमान तीन किलो! त्रिज्या अर्धा मीटर! वेग सेकंदाला दोन मीटर! गुणा!"

"तीन," मुलगी म्हणाली. हिला घरी पाढे विचारले की डोकं दुखतं.

"तीन काय? बटाटे?"

"किलोग्रॅम मीटर वर्ग प्रति सेकंद."

"शाब्बास! आता पिशवी जवळ घेतो. त्रिज्या पाव मीटर. गुणाकार तोच राहतो. वेग?"

"चार!"

पिशवी खरोखरच जोरात फिरली आणि चाकांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका पानीच्या कोपराला लागली. "अहो, ही ट्राम आहे!" त्या म्हणाल्या. "ट्रामसुद्धा वळतेच ना," आजोबा म्हणाले आणि मग कोपर्निकसवर गेले. ज्या देशाच्या माणसाने 1543 साली पृथ्वी फिरती असल्याचं छापून आणलं, त्या देशात येऊन फिरण्याचा शब्द चुकवायचा म्हणजे काय, वगैरे. आमचा स्टॉप एव्हाना मागे पडला होता. मी उठायला गेलो की ते हात वर करत, "मोमेंत, मोमेंत!"

आणि मग खरा घात झाला. ते मुलीकडे झुकून म्हणाले, "मोमेंत पेंदू शाळेतल्या पोरांसाठी. आम्ही टर्बाइनवाले म्हणतो 'क्रेंत'. एक शब्द, शाई कमी."

शाई वाचवायची शिकवण पोरीला घरात कधी मानवली नाही, ट्राममध्ये मानवली. क्रेंत हा शब्द बरोबरच आहे, अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तोच असतो. पण बाईंना शाळेच्या पुस्तकातला हवा होता. अर्धा गुण गेला. 'क्रेंताच' म्हणजे लबाड, हे मला नंतर कळलं.

मी कोल्हापूरचा. 1943 ते 1948 मध्ये आमच्या वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांना कुणी टांग्यात गाठून 'आघूर्ण' (मोमेंतचा मराठी शब्द) कशाला म्हणतात असं विचारलं असेल, असं मला वाटत नाही. इथे मात्र प्रत्येक ट्राममध्ये माझा एक परीक्षक तिकीट काढून बसलेला असतो. भाजी घेताना विभक्ती चुकली तरी मागच्या रांगेतून दुरुस्ती येते. प्रेमाने येते, मान्य. पण मी चाळिशीचा माणूस आहे, मुलीसमोर किती वेळा नापास व्हायचं?

चिडून मी तिला म्हटलं, मराठीत याला कोनीय संवेग म्हणतात, तेवढं तरी लक्षात ठेव. ती म्हणाली, "तुम्ही शाळेत लिहायचात?" नव्हतो लिहीत. संवेग नववीत मराठीतून शिकलो, अकरावीला विज्ञान इंग्रजीत गेलं आणि पुढचं सगळं तिकडेच राहिलं. 'कोनीय' मी आदल्या रात्री शोधून काढलं होतं. माझा या शब्दाचा पेपर कधी कुणी घेतलाच नाही.

काल ट्राममध्ये आजोबा पुन्हा दिसले. या वेळी पिशवीत कोबी. मी फोनमधला पेपरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, बघा तुमच्या क्रेंतने काय केलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लाल रेघेकडे ढुंकूनही न बघता बोट चौथ्या प्रश्नावर ठेवलं.

"गोल भरीव की पोकळ?"

"भरीव."

"मग जडत्वाच्या आघूर्णाच्या सूत्रात दोन पंचमांश हवं. हे दोन तृतीयांश हिला कोणी शिकवलं?"

त्या प्रश्नात गेलेल्या दोन गुणांचा विषय मी घरी काढलाच नव्हता. पुढचा स्टॉप माझा नव्हता. मी उतरलो.