पोर्टलच्या करारात तालुक्याचं नाव लिहा

मराठी पोर्टलचा एखाद्या वर्तमानपत्राशी किंवा वाहिनीशी करार झाला की फेसबुकवर फोटो येतो. मागे फ्लेक्स, त्यावर दोन लोगो, पुढे हात मिळवणारी माणसं आणि खाली अभिनंदनाची रांग. मीही अभिनंदन करतो. मराठीत नवं काही उभं राहतंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या बातम्यांची देवाणघेवाण होणार असते त्यातल्या कितीतरी आमच्यासारख्या तालुक्यांतून निघतात आणि करारात तालुक्याचा 'त'सुद्धा नसतो. हे मला फार दिवसांपासून खुपतंय, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबणार आहे.

मी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यातला. बरीच वर्षं वार्ताहरकी केली. बाजार समितीतली हर्रास, पंचायत समितीच्या सभा, खारपाणपट्ट्यातलं (जिथे जमिनीखालचं पाणी खारं असतं) पिण्याचं पाणी, पराटीवरची म्हणजे कपाशीवरची अळी, हेच माझे विषय.

पोर्टलांचा इतिहास आमच्यापासून फार लांब घडलेला नाही. हिंदीतलं पहिलं पोर्टल म्हणून ओळखलं जाणारं वेबदुनिया २३ सप्टेंबर १९९९ रोजी इंदूरमधून सुरू झालं. अकोल्याहून अकोट, धूळघाटचा वळसा, खंडवा आणि पुढे इंदूर, अशी आमची छोटी (मीटरगेज) रेल्वेलाईन तेव्हा चालू होती. इंदूरला आमच्या भागातल्या लोकांचं कापडासाठी, दवाखान्यासाठी, सोयरिकीसाठी जाणं-येणं होतं. त्या शहरात भारतीय भाषांमधल्या ई-मेलची सेवा सुरू झाली होती, ई-पत्र तिचं नाव, आणि पुढे त्याच पोर्टलचं मराठी पानही आलं. या सगळ्यामागे नईदुनिया हे इंदूरचं १९४७ पासूनचं दैनिक होतं. म्हणजे या पोर्टलची पहिली भागीदारी घरातलीच. दैनिकाकडे वार्ताहरांचं जाळं आणि लोकांचा विश्वास होता, पोर्टलकडे नवं तंत्र होतं. २०१२ मध्ये नईदुनिया दैनिक जागरण समूहाकडे गेलं आणि वेबदुनिया वेगळं राहिलं. आज त्याच्या मराठी पानावर बीबीसी मराठीचे लेख वाचायला मिळतात. पोर्टल तेच, भागीदार बदलले.

इतर उदाहरणं त्यानंतरची. याहूने जागरणबरोबर २००७ मध्ये हिंदी पोर्टल काढलं. २००८ मध्ये लोकमत आणि आयबीएन एकत्र आले आणि आयबीएन लोकमत ही मराठी वाहिनी सुरू झाली, जिला आता न्यूज१८ लोकमत म्हणतात. लोकमतचं मूळ यवतमाळचं आणि दैनिक म्हणून ते १९७१ मध्ये नागपुरातून निघालं, म्हणून त्या भागीदारीचं आम्हा वैदर्भीयांना विशेष अप्रूप होतं. २००९ च्या सुमारास न्यूजहंट आलं, पुढे त्याचं डेलीहंट झालं. अनेक वर्तमानपत्रं एकाच अॅपमध्ये, तीही साध्या फोनवर. २०१६ मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं आणि पानठेल्यावर उभा असलेला प्रत्येक जण वाचक झाला. २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी सुरू झालं.

आता या प्रत्येक टप्प्यावर बातमी गावाहून कशी निघते आणि कुठे पोचते ते बघा. तालुक्याचा वार्ताहर बातमी करतो. त्याला पगार नसतो. मानधन असलं तर पेट्रोलपुरतं, आणि खरी कमाई वाढदिवसाच्या जाहिराती, दिवाळी पुरवणी, शाळा-कॉलेजांच्या शुभेच्छा यांच्या कमिशनवर. तो बातमी जिल्हा कार्यालयात पाठवतो. तिथे ती जागेत बसवली जाते. मग ती वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर चढते, तिथून भागीदार पोर्टलवर, तिथून अॅपमध्ये. प्रत्येक पायरीवर एक नाव जोडलं जातं आणि एक नाव गळतं. जोडलं जातं ते कंपनीचं. गळतं ते आधी वार्ताहराचं, मग गावाचं, मग तालुक्याचं.

वान धरणाच्या पाण्यावरून तेल्हारा-अकोटात केवढा वाद झाला ते इकडच्या लोकांना माहीत आहे. शेतीचं पाणी शहराला आणि दुसऱ्या योजनांना राखून ठेवायला शेतकऱ्यांचा विरोध होता. एका बैठकीची बातमी आम्ही गावांच्या नावांसह दिली होती, कोणत्या गावाचे किती लोक आले, कोण काय बोललं, सगळं. एका पोर्टलवर (नाव घेत नाही) ती फिरून आली तेव्हा मथळ्यात 'अकोल्यात पाणी पेटलं' असं होतं, खाली 'टीम' लिहिलेलं होतं आणि गाव एकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या गावातला एक म्हातारा शेतकरी नातवाचा फोन हातात घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, आमी दिसभर बसलो तती, अन् आमच्या गावाचं नाव काहून काढलं? अकोल्याचं तं भांडण आमच्यासंगच हाय." त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ज्या शहराला पाणी देऊ नका म्हणून लोक बसले होते, बातमी त्याच शहराच्या नावावर लागली. पोर्टलवाल्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पानावर 'अकोला' हा कप्पा आहे, 'अकोट' आणि 'तेल्हारा' हे कप्पेच नाहीत. भागीदारी ठरवताना कोणी विचारलंच नाही, तर कप्पा येणार कुठून?

कप्पा असला तर काय होतं, याचं उदाहरण सरकारी पोर्टलचं आहे. अॅगमार्कनेट २००० मध्ये सुरू झालं. बाजार समित्यांमध्ये संगणक बसवले गेले आणि दिवसाची आवक व भाव तिथूनच भरले जाऊ लागले. त्या तक्त्यात बाजाराचं नाव स्वतंत्र असतं. अकोट, कापूस, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. एवढीच ओळ. पण त्या ओळीवरून शेतकरी ठरवतो की गाडी अकोटात न्यायची की अंजनगावला, आज विकायचं की आठवडाभर थांबायचं. भाव उशिरा भरले जातात, कधी भरलेच जात नाहीत, त्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरी त्या पोर्टलने आमचा बाजार आमच्या नावाने मांडला, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. वर्तमानपत्रांनी आणि अॅपवाल्यांनी हे भाव उचलले तेव्हा अकोटचं नाव सोबत गेलं, कारण ते मुळात तक्त्यातच होतं.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. २००० ते २००८ हा विदर्भाच्या खेड्यांसाठी सर्वांत जड काळ होता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी त्याच सुमारास मोडीत निघाली. शेतकरी आत्महत्या गावोगावी होत होत्या. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आणि नेमका हाच काळ मराठी इंटरनेटवरच्या फॉन्टच्या गोंधळाचा. कोणाचं श्रीलिपी, कोणाचं आकृती, कोणाचं शिवाजी, कोणाचं डीव्हीटीटी. या फॉन्टांमध्ये मराठी अक्षराचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. काना एका जागी, वेलांटी दुसऱ्या, अर्धा 'स' तिसऱ्या. फॉन्ट असेल तर वाचता येतं, नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. त्यामुळे आज 'बोंडअळी' किंवा 'पॅकेज' टाकून कितीही शोधा, त्या काळातली तालुक्याची बातमी सापडत नाही. ती असली तरी सापडत नाही.

माझ्याकडे त्या वेळची एक सीडी आहे. परवा मुलाच्या लॅपटॉपवर लावली. फाइलींची नावं इंग्रजीत, म्हणून कळली: तालुका, तारीख, विषय. उघडल्यावर आत अक्षरांचा चुरा. एका फाइलच्या नावात आमच्याच शेजारच्या गावाचं नाव होतं. त्या गावात त्या वर्षी काय झालं होतं ते मला आठवतं, कुठल्या घरी गेलो होतो तेही आठवतं, पण तिथल्या बाईने मला काय सांगितलं होतं ते शब्द त्या चुऱ्यात अडकले आहेत. माझी टिपणवही पावसात गेली. ती फाइल हाच एक कागद उरला आहे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला संगणकात स्वतःची ठरलेली जागा देणारी पद्धत, आल्यावर मोठ्या पोर्टलांनी नवं सगळं युनिकोडमध्ये सुरू केलं. जुनं मात्र बहुतेकांनी तसंच सोडलं. वेबसाइटची रचना बदलली की जुने दुवे तुटले, भागीदारी संपली की भागीदाराच्या पानावरचा मजकूर गेला, आणि जिल्ह्याच्या गावी हौसेने काढलेली छोटी पोर्टलं तर नूतनीकरणाचे पैसे भरले नाहीत म्हणून एका दिवसात नाहीशी झाली. जुनी संकेतस्थळं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर काहींची मुखपृष्ठं सापडतात, आतली पानं क्वचित. राजधानीत काय बोललं गेलं त्याच्या नोंदी दहा ठिकाणी आहेत. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काय घडलं त्याची नोंद एकाच ठिकाणी होती.

हे होऊ नये म्हणून काय करता येतं, त्याचा एक चांगला नमुना डोळ्यासमोर आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वर्षांत विदर्भातून केलेलं वार्तांकन सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी २०१४ मध्ये पारी हे ग्रामीण भारताचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथला मजकूर मराठीतही येतो. लेख कुठल्या गावातला, कुठल्या जिल्ह्यातला, लिहिला कोणी, फोटो कोणाचा, अनुवाद कोणाचा, हे प्रत्येक ठिकाणी असतं, आणि श्रेय देऊन तो मजकूर दुसऱ्यांना छापता येतो. म्हणजे मजकूर कितीही फिरला तरी गावाचं नाव त्याच्याबरोबर फिरतं. इतक्या भाषा सांभाळून एका संकेतस्थळाला हे जमतं, तर मोठ्या समूहांना न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

म्हणून पोर्टल चालवणाऱ्या, करार करणाऱ्या सगळ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. करारात एक कलम घाला की भागीदाराकडून आलेल्या बातमीतलं गावाचं, तालुक्याचं आणि वार्ताहराचं नाव काढता येणार नाही. बातमी पुढे विकली गेली तर वार्ताहराला वाटा मिळेल असं लिहा, मग तो कितीही लहान असो. आणि भागीदारी संपल्यावर जुना मजकूर कोण सांभाळणार तेही आजच ठरवा. वकील बसवलेलाच असतो, दोन ओळी वाढवायला त्याला वेळ लागणार नाही.

आणि अकोट, तेल्हारा, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर इकडच्या जुन्या वार्ताहरांना, डीटीपीवाल्यांना सांगणं वेगळं आहे. तुमच्या कपाटात त्या काळच्या सीडी आणि फ्लॉपी असतील तर फेकू नका. फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते कव्हरवर लिहून ठेवा आणि जुन्या संगणकात तो फॉन्ट असेल तर त्याची फाइलही सोबत कॉपी करून घ्या. फॉन्ट कळला की श्रीलिपी, शिवाजी यांसारख्यांतून युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं. जोडाक्षरं थोडी बिघडतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात. ते काम करायला मी तयार आहे. अकोटात आणून द्या, किंवा निरोप धाडा, मी येऊन घेऊन जातो.