चिखल म्हणजे ट्रेल नव्हे

बेळगावजवळच्या खानापूरच्या भाच्यानं थार जीप घेतल्यापासून त्याचं नि त्याच्या दोस्तांचं एकच पालुपद आहे: तिथल्या जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरपट्ट्यात फोर-बाय-फोरसाठी, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांसाठी, रीतसर आखलेला ट्रेल हवा, आणि तो ऐन पावसाळ्यात उघडा हवा. गावातली थोरली मंडळी म्हणतात, ही पैसेवाल्यांची थेरं, वाटांची वाट लावणारी. मी मेलबर्नला राहतो, सुटीत डोंगरात गाडी घालतो, म्हणून दोन्हीकडचे टोमणे मलाच. ‘काय ओ मामा, तुम्ही तिकडं गाडी घातली की छंद, आम्ही घातली की पर्यावरण?’

सवाल रास्त आहे. पण इथं ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरातले बरेचसे नामांकित ट्रॅक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत फाटक लावून बंद ठेवतात. उभ्या चढासाठी गाजलेला बिली गोट ब्लफसुद्धा त्यात आला. तो इथला पावसाचा नि बर्फाचा काळ. ओल्या ट्रॅकवर गाड्या गेल्या की तो धुपतो, एवढं साधं कारण. आमच्याकडं मात्र नेमके तेच महिने हंगामाचे!

चिखल उडाला की ऑफ-रोडिंग, म्हणजे रस्ता सोडून गाडी चालवणं, हा समज व्हिडिओंनी पसरवला. चिखलात ड्रायव्हरच्या हातात असतं काय? ॲक्सिलरेटर दाबायचा, रुतलं की विंच, म्हणजे गाडी ओढून काढणारी दोराची चरखी, लावायचा. कस लागतो तो दगडात. टायरची हवा थोडी सोडायची, लो रेंजला (वेग कमी, जोर जास्त) पहिला गिअर टाकायचा, आधी खाली उतरून कुठलं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं ते बघून यायचं. मग गाडी तिरकी, एक चाक अधांतरी, आणि बंपर घासतोय का ते पुढं उभा असलेला गडी हातानं सांगतोय. माणूस चालत पुढं जाईल असा वेग, तरी पाठ घामानं भिजते. चांगल्या ट्रेलवर अशा टप्प्याला बगल देणारी सोपी वाटही आखलेली असते. नसली तर जो तो बाजूनं आपली वाट पाडतो आणि दहा फुटांचा ट्रॅक बघता बघता तीस फुटांचा होतो.

खानापूरच्या पश्चिमेला वर जांभ्याचा टणक थर, खाली मऊ तांबडी माती. वरचा थर फुटून चाक एकदा जागेवर फिरलं की चाकोरी पडते, दोन सरींत तिचा ओघळ होतो. आणि त्या वाटा रिकाम्या नाहीत. भीमगडच्या जंगलातल्या गावांत पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणायची वेळ येते, ती त्याच वाटांनी. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथं तर हा विषयच काढू नये.

तरी थोरल्यांचं ‘बंदच करा’ मला पटत नाही. पोरांना जागा दिली नाही तर ती रात्री-बेरात्री ओढ्यात गाड्या घालणारच. भाच्याला मी बंद पडलेल्या दगडखाणी सुचवल्या. पायऱ्या, उतार, सुटे दगड, सगळं तयार. पाणी साचलेल्या खड्ड्यांना कुंपण घाला, मालकाची परवानगी घ्या, त्याला गाडीमागं फी द्या, आणि भर जुलैतही खुशाल गाड्या घाला. खडकाचं काय बिघडणार?

‘पण खाणीत निसर्ग कुठाय मामा?’

निसर्ग बघायला कणकुंबीला बस जाते की रे.