हिरव्या दिव्याकडे बघा

मला चष्मा लागला तो तिसरीत. बाईंनी फळ्यावर गणित घातलं, मी ते वहीत उतरवलं, सोडवलं, उत्तरही बरोबर काढलं. फक्त ते गणित बाईंनी घातलेलं नव्हतं. आठवड्याभरात नाकावर चष्मा आला आणि पुढे माझी उंची थांबली तरी नंबर काही थांबेना. शेवटी दमून तो उणे साडेपाचवर टेकला.

चष्मिस माणसाची एक मोठी सोय असते, ती कुणी उघड बोलत नाही. समोरून नको असलेला माणूस येताना दिसला की चष्मा काढायचा आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचं. तेवढ्यात तो माणूस धुरकट होतो, धुरकटपणातच जवळून निघून जातो. नंतर तक्रार आलीच तर "अहो, चष्मा नव्हता, ओळखलंच नाही!" या एका वाक्यावर मी कितीतरी लग्नांची निमंत्रणं, वर्गण्या आणि एक उसनं आणलेलं पुस्तक निभावून नेलं होतं. नजर चुकवण्यात माझा हात, म्हणजे डोळा, कुणी धरला नसता.

तरीही चष्मा घालवायला डोळ्यांचं लेझर करायचं ठरलं, कारण एका सकाळी मी चष्मा शोधत होतो आणि तो सापडला. पायाखाली. उजवी काडी एकीकडे, काच दुसरीकडे. तो चष्मा मोडलाय हे नीट बघायलाही मला चष्मा हवा होता. ही म्हणाली, "आता पुरे. डोळेच दुरुस्त करून घे."

तपासणीआधी 2 आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगितल्या होत्या. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार थोडा बदलतो, तो मूळ पदावर यावा लागतो. मग यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसलो आणि पडद्यावर माझ्या डोळ्याचा रंगीत नकाशा उमटला: लाल डोंगर, हिरवी पठारं, निळ्या दऱ्या. डॉक्टरबाईंनी कॉर्नियाची जाडी मोजली. 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. "वा, जाडी छान आहे!" त्या म्हणाल्या. माझ्या शरीरातल्या कुठल्याही गोष्टीच्या जाडीबद्दल डॉक्टरांनी आनंद व्यक्त करण्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतर बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकले. अर्ध्या तासात जवळचं काही वाचता येईना, दिवे अंगावर येऊ लागले. नेमक्या त्याच मुहूर्तावर सिस्टरांनी हातात संमतीपत्र ठेवलं.

"वाचून सही करा."

मला कागद आहे एवढंच कळत होतं. मग हिने मोठ्याने वाचून दाखवलं. डोळे कोरडे पडू शकतात. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. थोडा नंबर उरू शकतो, पुन्हा लेझर करावं लागू शकतं. प्रतीक्षागृहातले बाकीचे पेशंटही कान देऊन ऐकत होते. एक काका तर मध्येच उठून बाहेर गेले. मी सही केली. ती रेघेवर आली की हिच्या बोटावर, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागेना म्हणून मी या विद्येचा इतिहास वाचायला घेतला. घ्यायला नको होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर कोलंबियातल्या बोगोटामध्ये होसे बार्राकेर नावाचे डॉक्टर कॉर्नियाची चकती कापून काढायचे, ती गोठवायचे आणि चक्क लेथवर घासून आकार देऊन परत डोळ्यावर बसवायचे. मी दिवा लावला, पाणी प्यालो. पुढे 1981 साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणातून उरलेली टर्की नेली आणि तिच्यावर एक्सायमर लेझर चालवला. 193 नॅनोमीटरचा तो अतिनील किरण मांस न जाळता, आजूबाजूला जराही न करपवता, रेघ मारल्यासारखा खाच पाडून गेला. हे मी आईला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "त्या पक्ष्याला नंतर दिसायला लागलं का?"

ऑपरेशनच्या खोलीत जाईपर्यंत तीन वेगवेगळ्या माणसांनी माझं नाव, जन्मतारीख आणि "कुठले डोळे?" असं विचारलं. "दोन्ही," मी म्हणायचो. तिसऱ्या वेळी "माझेच" असंही जोडलं. कुणी हसलं नाही.

बधिर करणारे थेंब टाकले. एक डोळा झाकला, दुसऱ्याच्या पापण्यांत चिमटा बसवला. आता डोळे मिटायची सोय संपली. सिस्टरांनी हातात एक मऊ चेंडू दिला, "दाबत राहा, बरं वाटतं." मग डोळ्यावर एक कडी टेकली, तिने डोळा ओढून घट्ट धरला आणि हळूहळू कडेपासून आतपर्यंत सगळं काळं झालं. "दिवे गेले वाटतं," मी म्हणालो. "दिवे आहेत, तुमचं दिसणं थोडा वेळ बंद आहे," डॉक्टरबाई इतक्या सहज म्हणाल्या, की जणू पंखाच बंद केलाय. त्या काही सेकंदांत एका लेझरने कॉर्नियावर 100-110 मायक्रॉनचा पापुद्रा मोकळा केला, एका बाजूला बिजागरी ठेवून. दाराला असते तशी. आपल्या डोळ्याला दार आहे आणि ते दुसरं कुणीतरी उघडतंय, ही भावना काही चेंडू दाबून जात नाही.

पापुद्रा उचलला आणि सगळं पाण्याखाली गेलं. वर एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हिरव्या दिव्याकडे बघा. बाकी तुम्ही काहीच करायचं नाही."

इथे माझी खरी परीक्षा होती. ज्याने जन्मभर नजर चुकवली, त्याला सांगत होते की एका जागी बघ, हलू नको. आणि दिवा तरी जाग्यावर कुठे होता? तो वितळला, पसरला, हिरव्या कापसाचा गोळा झाला. गोळ्याच्या नेमकं कुठे बघायचं? मध्यभागी? मध्य कुठला? मी हललो तर? यंत्र सेकंदाला शेकडो वेळा बुबुळ तपासतं, डोळा फार सरकला तर आपणच थांबतं, हे मला सांगितलं होतं. पण मला यंत्राची भीती नव्हती, माझी होती. पायाची बोटं आवळली गेली, श्वास कुठेतरी अडकला. टक-टक-टक आवाज सुरू झाला आणि केस जळल्यासारखा वास आला. "काही जळत नाहीये हं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "रेणूंमधले बंध तुटतात, त्याचा वास." बंध तुटण्याला वास असतो हे तेव्हा कळलं. प्रत्येक ठोक्याला पाव मायक्रॉन जात होता. सगळा मिळून 80-90 मायक्रॉन, फार तर एका केसाच्या जाडीएवढा. तीस वर्षं नाकावर वागवलेलं ओझं हिशेबाला केसभरच निघालं. अर्ध्या मिनिटात आवाज थांबला. पापुद्रा परत बसवला, ओल्या स्पंजने चादरीच्या सुरकुत्या काढाव्यात तसा नीट केला. टाका नाही, काही नाही.

मग दुसरा डोळा. त्या डोळ्याला अनुभव नव्हता, पण मला होता. चेंडू सिस्टरांना माझ्या मुठीतून सोडवून घ्यावा लागला.

उठून बसलो. सगळीकडे दुधाळ धुकं. त्या धुक्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. सव्वाबारा. मी दोनदा वाचलं. मग डोळे चुरचुरायला लागले आणि पुढचे चार-पाच तास मी कांदा चिरणाऱ्यासारखा रडत झोपलो.

पुढचे दिवस थेंबांचे. हिने फ्रिजवर वेळापत्रक लावलं आणि अलार्म वाजला की "डोळा वर!" असं फर्मान सोडायची. चोळायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री पारदर्शक झाकणं चिकटवून झोपायचं. पंख्याच्या पात्यावरची धूळ मला प्रथमच दिसली आणि ती मी बोलून दाखवली, ही चूक झाली. दोन दिवसांनी स्टुलावर मीच उभा होतो.

महिन्याच्या तपासणीला सगळी अक्षरं धडाधड वाचली. डॉक्टरबाई खूश. "आता फक्त चाळिशी लागली की वाचायला चष्मा लागेल, त्याला या लेझरचा इलाज नाही. वय काय तुमचं?"

"39."

"मग काय, आलीच की," त्या हसत म्हणाल्या.

तिथून बाहेर पडलो. रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, शंभरेक पावलांवर, ते पुस्तकाचे मालक येताना दिसले. मिशीचा एकेक केस स्पष्ट. माझा हात सवयीने नाकाशी गेला, काढायला काहीच सापडलं नाही, म्हणून नाक खाजवून खाली आला. त्यांनी लांबूनच हात केला.

"अरे वा, चष्मा गेला! मग आता दिसतं ना लांबचं?"

"दिसतं."

"अगदी स्वच्छ?"

"अगदी," मी म्हणालो, आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या सिग्नलच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिलो.