निवडक एलिमेंटना क्लास लावायला जेक्वेरी लागत नाही

वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. पानावरच्या निवडक एलिमेंटना (पानाच्या घटकांना) क्लास, म्हणजे शैली ठरवायला दिलेलं नाव, लावायचा तर जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररीच घ्या, कारण साध्या जावास्क्रिप्टला एका वेळी अनेक एलिमेंट हाताळता येत नाहीत. फार तर ‘क्लासनेम’मध्ये नाव जोडा, ‘क्लासलिस्ट’ म्हणजे तेच. एलिमेंट शोधायला ‘गेटएलिमेंट्सबायक्लासनेम’ वापरा, ते वेगवान असतं. आणि जुन्या ब्राउझरची काळजी जेक्वेरी घेते. हा सल्ला मानून नवी माणसं चुकीच्या सवयी लावून घेतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

मेथडची, म्हणजे कोडमधल्या तयार आज्ञांची, नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. उदाहरण असं धरू: पुस्तकविक्रीचं पान, त्यावर २४ कार्डं, प्रत्येकाला ‘कार्ड’ हा क्लास आणि ‘डेटा-साठा’ या ॲट्रिब्यूटमध्ये शिल्लक प्रतींची संख्या. साठा शून्य असलेल्या कार्डांना ‘संपलं’ हा क्लास लावायचा आहे.

‘अनेक एलिमेंट हाताळता येत नाहीत’

येतात. ‘डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टरऑल’ला पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये लिहितो तोच सिलेक्टर (कोणते एलिमेंट हवेत ते सांगणारी खूण) द्यायचा. तो जुळणाऱ्या सगळ्या एलिमेंटची यादी देतो. त्या यादीवर ‘फॉरईच’ चालवायचं आणि आत प्रत्येक एलिमेंटवर ‘क्लासलिस्ट.ॲड’ला ‘संपलं’ हे नाव द्यायचं. एवढंच, एका ओळीचं काम.

गैरसमजाचं मूळ बहुधा एका नेहमीच्या चुकीत आहे. ‘क्लासलिस्ट’ हा गुण एकेका एलिमेंटला असतो, यादीला नसतो. यादीवरच थेट ‘.क्लासलिस्ट.ॲड’ लिहिलं की ‘अनडिफाइन्ड’वर ‘ॲड’ वाचता येत नाही असा एरर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये येतो. जेक्वेरीचं ‘ॲडक्लास’ हा लूप (एकेका एलिमेंटवरून फिरणं) आतल्या आत चालवतं, इथे तो आपण लिहायचा.

दुसरी अडचण स्क्रिप्टच्या जागेची. स्क्रिप्ट ‘हेड’मध्ये ‘डिफर’शिवाय (पान वाचून होईपर्यंत स्क्रिप्टला थांबवणारी सूचना) असेल तर ती चालते तेव्हा कार्डं तयारच झालेली नसतात. अशा वेळी एकच एलिमेंट शोधणारं ‘क्वेरीसिलेक्टर’ ‘नल’ (काहीच नाही) देतं आणि पुढची ओळ एरर देऊन थांबते, म्हणजे निदान कळतं तरी. ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ मात्र रिकामी यादी देतं, लूप शून्य वेळा फिरतो आणि काहीच न होता सगळं सुरळीत दिसतं. म्हणून क्लास लागला नाही तर आधी यादीची ‘लेंग्थ’ कन्सोलमध्ये पाहावी.

‘क्लासनेममध्ये जोडलं काय, क्लासलिस्ट काय, एकच’

या सल्ल्यातला सर्वांत नुकसान करणारा भाग हाच. ‘क्लासनेम’ ही नुसती अक्षरांची ओळ आहे, क्लास म्हणजे काय हे तिला ठाऊक नसतं. जोडताना आधीची मोकळी जागा राहिली तर ‘कार्डसंपलं’ असा भलताच एक क्लास तयार होतो आणि ‘कार्ड’ची मूळ शैलीही जाते. जोडण्याऐवजी थेट नवी किंमत दिली तर स्लायडर किंवा मेन्यूच्या स्क्रिप्टनं लावलेले क्लासही पुसले जातात.

हे जोडणं एखाद्या बटणावर ठेवलं आणि ते तीनदा दाबलं तर ‘संपलं’ तीनदा जोडलं जातं. दिसायला फरक पडत नाही, पण काढताना अडतं: साध्या ओळीनिशी वापरलेलं ‘रिप्लेस’ फक्त पहिली जुळणी बदलतं, दोन ‘संपलं’ मागे राहतात. त्याहून वाईट म्हणजे ‘कार्ड’ काढायला गेलात आणि ओळीत आधी ‘कार्ड-मोठं’ असेल तर त्याचाच तुकडा पडतो. ‘क्लासलिस्ट’ पूर्ण नावं पाहतं, असलेलं नाव पुन्हा जोडत नाही, नसलेलं काढायला सांगितलं तर तक्रार करत नाही. एसव्हीजी (कोडमधून आकार काढणाऱ्या) चित्रांमध्ये तर ‘क्लासनेम’ ही साधी ओळ नसतेच, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही.

जेक्वेरीतून येणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे एकाच ओळीत दोन नावं मोकळी जागा सोडून देता येतात. ‘क्लासलिस्ट.ॲड’ला तसं दिलं तर ‘इनव्हॅलिडकॅरॅक्टरएरर’ येतो. नावं स्वल्पविरामानं वेगळी द्यायची, किंवा ओळ ‘स्प्लिट’ करून तीन टिंबांनी पसरवायची. रिकामं नाव दिलं तरी एरर येतो.

‘गेटएलिमेंट्सबायक्लासनेम वेगवान, तेच वापरा’

२४ कार्डांत वेगाचा फरक कुणाला जाणवणार नाही, चूक मात्र नक्की जाणवेल. ही मेथड जिवंत यादी देते: पानावर क्लास बदलला की यादीही त्याच क्षणी बदलते. समजा ६ कार्डांना ‘निवड’ हा क्लास आहे आणि तो लूपमध्ये काढायचा आहे. पहिल्याचा काढला की यादी ५ ची होते आणि दुसरं कार्ड पहिल्या जागी सरकतं. लूप पुढे जाऊन तिसरं उचलतो, मग पाचवं. शेवटी २, ४ आणि ६ तसेच राहतात. ‘एक सोडून एक क्लास निघतो’ ही तक्रार ऐकली की आधी हेच पाहावं. ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ची यादी गोठलेली असते, तिथे हा घोळ होत नाही. शिवाय जिवंत यादीला ‘फॉरईच’ नसतं.

वेगच जपायचा असेल तर लूपमध्ये क्लास लावणं आणि उंची किंवा रुंदी मोजणं आळीपाळीनं करू नये. क्लास बदलल्यावर मोजमाप मागितलं की ब्राउझरला मांडणी पुन्हा ठरवावी लागते, प्रत्येक फेरीत. सगळी मापं आधी घ्यावीत, क्लास नंतर लावावेत.

‘जुन्या ब्राउझरसाठी हवीच’

जेक्वेरी २००६ साली आली तेव्हा हे खरं होतं, आणि तिनं त्या काळात मोठं काम केलं. ‘क्लासलिस्ट’ फायरफॉक्समध्ये २०१० साली आलं, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २०१२ साली, दहाव्या आवृत्तीत, तेही अपुरं. त्या ब्राउझरच्या अकराव्या आवृत्तीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ रोजी बहुतेक विंडोज १० वर थांबवला. पान आधीच जेक्वेरीवर चालत असेल तर ती उपटून काढायची गरज नाही. केवळ क्लास लावण्यासाठी मात्र कॉम्प्रेस करूनही सुमारे ३० किलोबाइट भरणारी फाइल मोबाइलवरच्या वाचकाला उतरवायला लावू नये.

मराठी नावं वापरणाऱ्यांसाठी: क्लासचं नाव देवनागरीत चालतं, पण जुळणी अक्षराच्या आतल्या संकेतावर होते. ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणून आणि ‘र’ला नुक्ता जोडून असं दोन प्रकारे टाइप होतं. दिसायला सारखंच, जुळत मात्र नाही. साठ्याचा शून्य ॲट्रिब्यूटमध्ये रोमन अंकात आणि सिलेक्टरमध्ये देवनागरीत असेल तरी तेच.

आणि आपल्या उदाहरणात अट ॲट्रिब्यूटमध्येच आहे. फक्त रंग फिका करायचा असेल तर ‘डेटा-साठा’ शून्य असलेल्या कार्डांचा नियम सरळ सीएसएसमध्ये लिहावा. नंतर पानावर नवी कार्डं आली तरी तो आपोआप लागू होतो, लूपनं लावलेला क्लास त्या नव्या कार्डांना मिळत नाही.