खिळेवादी आणि स्क्रूवादी

घरातलं काहीही डुगडुगायला लागलं की आमच्याकडे दोन पक्ष पडतात. सासरे खिळेवादी. दोन इंची खिळा आणि तीन ठोके यांनी न सुटणारा प्रश्न त्यांच्या मते अजून जन्माला यायचाय. नवरा स्क्रूवादी. ठोकाठोकी म्हणजे अडाणीपणा, असं तो सासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणतो. मी कुठल्याच पक्षात नाही, त्यामुळे वस्तू धरून उभं राहायचं काम कायम माझ्याकडे. टॉर्च "इकडे, अगं इकडे" पाडणं हेही त्यातच आलं.

धरून उभं राहता राहता या विषयातलं माझं ज्ञान दोघांच्याही पुढे गेलं आहे. घरात ते कुणी विचारत नाही, एवढंच.

खरं तर दोघंही बरोबर असतात, फक्त चुकीच्या जागी. खिळा ठोकला की लाकडाचे तंतू बाजूला दबतात आणि त्याला आवळून धरतात. त्याची सगळी भिस्त या घर्षणावर. आडवा भार आला तर खिळा झकास काम करतो, वाकतो पण सहजासहजी मोडत नाही. लाकडी घरांचे सांगाडे उगाच खिळ्यांवर उभे राहिलेले नाहीत. मात्र त्याच खिळ्याला त्याच्याच दिशेनं ओढलं की मुकाट्यानं बाहेर येतो. स्क्रूचं उलटं. आटे लाकडात रुतलेले असतात, त्यामुळे ओढून तो निघत नाही. पण जिप्समच्या भिंतीसाठी बनवलेला तो काळा, बारीक, कडक स्क्रू (जो जिप्सम सोडून सगळीकडे वापरला जातो) आडव्या झटक्याला कट्‌कन मोडतो. आणि डुगडुगणारी खुर्ची ओढतेही आणि झटकेही देते. खुर्चीला पक्ष नसतो.

शेवटी सुतारकाका आले. त्यांनी ओठांत धरलेला एक खिळा काढला, त्याच्याच डोक्यावर उलटा उभा केला आणि हातोडीनं त्याच्या टोकावर टक्‌ करून एक मारली. सासऱ्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं ज्या टोकावर श्रद्धा ठेवली, ते डोळ्यांदेखत बोथट झालेलं.

"अहो काका, टोकच घालवलंत की!"

"ताई, टोकदार खिळा पाचरीगत शिरतो, लाकूड उभं फाडतो. बोथट खिळा तंतू चुरडत जातो. फाटत नाही मग."

नवरा खूश झाला, तेवढ्यात काका त्याच्याकडे वळले. त्यानं दोन फळ्या स्क्रूनं जोडल्या होत्या आणि मधे फट राहिली होती. फट जावी म्हणून तो स्क्रू आणखी पिळत होता. काकांनी सांगितलं की आटे दोन्ही फळ्यांत बसले तर दोन्ही फळ्या स्क्रूवर सारख्याच वेगानं पुढे सरकतात, फट जशीच्या तशी. वरच्या फळीतलं भोक इतकं मोठं हवं की स्क्रू त्यातून सैल जावा, म्हणजे डोकं तिला खाली दाबतं. एवढं सांगून त्यांनी स्क्रूला थोडं मेण लावलं आणि तो सहज आत गेला. दोन्ही पक्षांचा असा एकाच दिवशी पराभव मी पहिल्यांदाच पाहिला.

स्क्रूच्या डोक्याबद्दल मात्र मला सहानुभूती आहे. आधी नुसती एक खाच होती. तिच्यातून हत्यार घसरून हात कापला, म्हणून कॅनडातल्या पीटर रॉबर्टसननं १९०८ मध्ये चौकोनी खळग्याचा स्क्रू काढला, असं सांगतात. तो चांगलाच निघाला, पण परवान्यावरून हेन्री फोर्डशी त्याचं जमलं नाही, आणि चौकोन बराचसा कॅनडातच राहिला. १९३६ मध्ये हेन्री फिलिप्सला फुलीच्या डोक्याची पेटंटं मिळाली आणि जगभर फुली पसरली. ज्याला आपण स्टार म्हणतो तोच हा स्क्रू. जोर वाढला की स्टार ड्रायव्हर फुलीतून वर सरकतो. असं थोडा वेळ चाललं की फुलीची वाटी होते, आणि मग त्या वाटीवर रबरबँड ठेवून, त्यावरून ड्रायव्हर दाबून, श्वास रोखून पिळावं लागतं. कधी कधी जमतंही. फुलीच्या चार हातांच्या मधल्या जागांत चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह, त्याला वेगळं टोक लागतं. हे मी टॉर्च धरून सांगितलं होतं. वाटी झाल्यानंतर पटलं.

अशा वाट्या झालेले, वाकलेले, अनाथ झालेले सगळे जीव आमच्याकडे पत्र्याच्या एका डब्यात राहतात. फेकायचं नाही, कारण "लागतात". यात आम्ही एकटे नाही. स्कॉटलंडमधल्या इंचटुथिल इथला किल्ला रोमन सैन्यानं इसवी सन ८७च्या सुमारास सोडला, तेव्हा लोखंड शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सुमारे पावणेनऊ लाख खिळे खड्ड्यात पुरून टाकले. ते थेट विसाव्या शतकात सापडले. त्यातला एखादा आमच्या खुर्चीला नक्की बसला असता. आमच्या डब्यातला एकही बसत नाही.

मग नमुना खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जायचं. तिथला प्रश्न ठरलेला: "कशाला लावायचाय?" लाकडात की पत्र्यात? डोकं चपटं की गोल? आटे पूर्ण की अर्धे? लांबी डोक्यासकट की डोकं सोडून? (चपट्या डोक्याची डोक्यासकट, गोल डोक्याची डोकं सोडून. चपटं डोकं लाकडात बुडतं म्हणून.) मी नमुना पुढे करते. "अगदी असाच," म्हणते.

या "अगदी असाच"मध्ये सगळी मेख आहे. ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि ५/१६ इंचाचा बोल्ट यांच्या जाडीत फरक ०.०६ मिलिमीटरचा. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. पण पहिल्याचे आटे एकमेकांपासून १.२५ मिलिमीटरवर, दुसऱ्याचे १.४१वर. नट हसतखेळत दोन फेरे जातो आणि मग असा अडकतो की पुढे नाही, मागे नाही. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला, अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६०. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा दोस्त राष्ट्रं एकत्र लढत होती आणि त्यांचे नट-बोल्ट एकमेकांना बसत नव्हते. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा यांचं एकमत व्हायला १९४८ उजाडलं.

जून १९९० मधली गोष्ट तर मी घरात मुद्दाम सांगते. ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची काच आदल्याच दिवशी बदलली होती. बदलणाऱ्यानं नवे बोल्ट जुन्या बोल्टाशी नजरेनं ताडून घेतले. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला ०.६६ मिलिमीटर कमी होते, उरलेले लांबीला कमी. सतरा हजार फुटांवर काच उडाली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान उतरवलं, सगळे वाचले. नवरा हे ऐकून म्हणाला, "पण आपली तर खुर्ची आहे." आता त्याचे पाय कोण धरणार होतं?

भिंतीचा तर वेगळाच संसार आहे. भिंतीत ना तंतू, ना आटे रुतायला जागा. तिथे गिट्टी लागते, म्हणजे स्क्रूच्या आधी भोकात बसवायची पुंगळी. जॉन रॉलिंग्ज या इंग्रजानं १९११च्या सुमारास तागाची काढली, आर्टुर फिशर या जर्मनानं १९५८ मध्ये नायलॉनची. स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि भोकाला आतून रेटते, मात्र भोक तिच्या मापाचं हवं आणि गिलाव्याच्या पार पलीकडे विटेत पोचलेलं हवं. आमची गिट्टी ६ची, ड्रिलचं पातं ८चं. स्क्रू फिरतो, त्याच्याबरोबर गिट्टी फिरते. सासऱ्यांनी आगकाड्या आणल्या, भोकात कोंबल्या, वर हातोडी मारली. गिलाव्याचा बशीएवढा तुकडा खाली आला.

भोक आता इतकं मोठं झालंय की ते झाकायला चित्र लावायचं ठरलं आहे. त्यासाठी चार बोटं वर दुसरं भोक पाडावं लागेल.