पाणचक्कीत पीठ पडलं पाहिजे

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचे फोटो दर सुट्टीत टाइमलाइनवर येतात. हौद, कारंजी, तो अवाढव्य वड आणि एका बाजूच्या खोलीत गरगर फिरणारा दगड. लोक त्या दगडाकडे मिनिटभर बघतात, व्हिडिओ काढतात आणि हिमरू शालींच्या दुकानांकडे वळतात. माझं म्हणणं काहींना आगाऊपणाचं वाटेल, पण लिहितोच: तो दगड नुसता फिरता ठेवू नका. त्याच्याकडून दळून घ्या.

मुळात ही चक्की शोभेसाठी बांधलेलीच नव्हती. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याच्या बाजूचे सूफी, त्यांचा हा दर्गा. येणारे यात्रेकरू, फकीर, शिकायला राहिलेली मुलं, एवढ्या तोंडांना रोज भाकरी लागायची. पीठ हाताने दळायचं तर किती बायकांचे खांदे गेले असते! म्हणून पाण्याला कामाला लावलं. बांधकामाचं साल साधारण १७४४ सांगतात आणि जमील बेग खानाचं नाव त्याच्याशी जोडतात. पण पाणी खेळवायची विद्या शहरात त्याआधी शंभरेक वर्षं रुजलेली होती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली तेव्हाच नहरी, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या वाटा, खोदल्या होत्या.

पाणचक्कीचं पाणी शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून, खापराच्या नळांतून काही किलोमीटर चालत येतं. वाटेत पंप नाही, इंजिन नाही. उताराच्या आणि दाबाच्या हिशोबावर ते शेवटी उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. चक्कीचं चाक आपण चित्रात बघतो तसं उभं नाही, आडवं आहे. पाण्याचा झोत पात्यांवर बसतो, चाक फिरतं, त्याचाच दांडा वर जाऊन वरचा दगड फिरवतो. मध्ये एकही दातेरी चाक नाही. हिमालयातले घराट याच जातीचे, आणि त्यातले कित्येक आजही गावाचं दळण दळतात. (हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छप्पर आहे. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं की हा स्थपती भेटायला हवा होता असं वाटतं. असो, विषय दगडाचा आहे.)

घरात जातं असलेल्या कोणालाही विचारा, रिकामं जातं फिरवू नये म्हणून दटावलेलं आठवेल. शकुन-अपशकुनाचं सोडून द्या, कारण साधं आहे. दोन दगडांच्या मध्ये दाणा नसेल तर दगड दगडाला खातो. म्हणजे नुसतं फिरवून दाखवायचं तर वरचा दगड उचलून धरावा लागतो. मग पाहुण्याने बघायचं काय? दगड फिरतो हे? दगड फिरल्यावर दाण्याचं काय होतं, ते बघायलाच तर माणूस आलेला असतो.

इंग्लंडमध्ये विंचेस्टर शहरात इचेन नदीवर एक जुनी गिरणी आहे. गंमत म्हणजे तिची आजची इमारतही १७४४ चीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं दळण बंद पडलं. १९२८ मध्ये काही लोकांनी ती पाडली जाण्यापासून वाचवून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे दिली. पुढे कित्येक वर्षं तिथे यूथ हॉस्टेल होतं. इमारत सुरक्षित होती, पण दळण नव्हतं. २००४ मध्ये दुरुस्ती पुरी झाली आणि पुन्हा पीठ पडू लागलं. इमारत वाचवणं आणि गिरणी वाचवणं यात एवढं अंतर असतं.

त्याहून मला आवडतो तो इंग्लंडमधल्याच डॉर्सेट परगण्यातल्या स्टर्मिन्स्टर न्यूटन गावचा किस्सा. स्टाउर नदीवरच्या त्या गिरणीचा धंदा १९७० च्या सुमारास थांबला, पुढे ती संग्रहालय झाली. पर्यटकांपुढे थोडंथोडं दळायचे, वर्षाला जेमतेम टनभर गहू. मग २०२० चा लॉकडाउन आला, दुकानांतलं पीठ संपलं, आणि संग्रहालयाने खरंखुरं दळण सुरू केलं. वर्षाचा टनभर गहू दोन-तीन आठवड्यांत उडाला. हे कशामुळे जमलं? दगड जागेवर होते म्हणून नाही. ते चालवणारी माणसं तयार होती म्हणून. दाणे किती वेगाने सोडायचे, पीठ तापतंय हे बोटांना कसं कळतं, दगडाला टाकी कधी लावायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खडबडीत कधी करायचा, हे फलकावर लिहून जपता येत नाही. आपल्याकडे जात्याला टाकी लावणारे दारोदार फिरायचे. आता तो माणूस शोधायला निघा, मग कळेल काय हातचं गेलंय ते.

यावर आक्षेप येणार, आणि ते खोटे नाहीत. जुने दगड झिजतील? मग ते जपून ठेवा आणि दळायला त्याच मापाचे नवे घडवून घ्या. दगड झिजतात, बदलतात, गिरणीत हे पूर्वीही होतच होतं. नव्याने टाकी लावलेल्या दगडाची पहिली कच असलेली भरड गुरांना घाला. शहराला प्यायला पाणी पुरत नाही आणि तुम्ही चक्की चालवणार? चक्की पाणी पीत नाही. पात्यांवर पडून ते पुढे वाहतंच. पण विजेचा पंप लावून तेच पाणी वर चढवायचं असेल तर मात्र माझा विरोध आहे. त्यापेक्षा सरळ मोटर लावा दगडाला. नहरीला पाणी असेल तेव्हा, पावसाळ्यात आणि पुढे हिवाळ्यात, आठवड्यातून एखादा दिवस दळलं तरी पुष्कळ.

यातली खरी अवघड गोष्ट चक्की नाहीच, नहर आहे. शहरातल्या बऱ्याच नहरी बुजल्या, फुटल्या, त्यांच्यावर घरं उभी राहिली. डोंगरापासून हौदापर्यंतची वाट राखली तरच दगड फिरेल, आणि त्या वाटेचा फोटो कोणी काढत नाही. पीठ विकायला लागलं तर निदान कोणीतरी विचारेल की या आठवड्यात दळण का बंद आहे.

मराठवाड्यात ज्वारीला तोटा नाही. अर्ध्या किलोच्या कापडी पिशव्या करा, वर चक्कीचं चित्र छापा, दाम दुप्पट लावा. हिमरू शाल घेणारा माणूस ती पिशवीही घेईल. पुण्या-मुंबईचे तर आधी घेतील आणि मग भाकरी कशी थापायची ते यूट्यूबवर बघतील.

संभाजीनगरकरांनो, जात्याला टाकी लावणारं कोणी अजून काम करत असेल तर कमेंटमध्ये गाव सांगा. नाव-नंबर नको, गाव पुरे.