वरची बेडरूम गार का होत नाही: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं की औंधच्या डुप्लेक्समध्ये डक्टच्या (हवेच्या नळ्यांच्या) एसीने खालचा हॉल गारठतो, वरची पश्चिमेची बेडरूम मात्र संध्याकाळी २९ अंशांखाली येत नाही. आमच्या माणसाने गॅस भरला नाही, मोठं मशीनही नको म्हणाला आणि 'दार कापा' सांगून व्हिजिट चार्ज घेऊन गेला.

गॅस भरला नाही, कारण कमी नव्हता. रिटर्नची, म्हणजे खोल्यांतून मशीनकडे परतणारी हवा २५ अंश, मशीनजवळच्या ग्रिलला (हवेच्या जाळीला) १४. अकरा अंशांचा फरक पडतोय म्हणजे मशीन ठीक आहे. वर आणखी गॅस कोंबला तर ताण कॉम्प्रेसरवर येतो, खोली तशीच राहते.

अडचण हवेच्या वाटणीत आहे. टनाला (गार करण्याच्या क्षमतेचं माप) साधारण ४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा धरली, तर तुमचं साडेपाच टनी मशीन २,२०० सीएफएम हवा फेकतं. त्यातले ३५० या बेडरूमला हवेत. मोजले तेव्हा दार उघडं असताना १९० होते, दार लावल्यावर १४०. शिवाय बेडरूमच्या ग्रिलपर्यंत येता येता १४ ची हवा १७ झालेली. इथे साडेआठ टनी बसवलं तर हॉल आणखी लवकर गार होईल, थर्मोस्टॅट हॉलमध्येच असल्याने मशीन लवकर कटऑफ होईल आणि बेडरूम तापलेलीच राहील. विक्री आमचीच झाली असती, हे वेगळं सांगायला नको.

आता दाराबद्दल. बेडरूममध्ये रिटर्न ग्रिल नाही. दार लावलं की आत आलेल्या हवेला परतीची वाट उरत नाही, खोलीत दाब वाढतो आणि नवी हवा आत कमी शिरते. नुसतं दार खालून एक इंच कापून मात्र भागणार नाही. तीन फुटी दाराखालून आरामात जाते ती ६०-७० सीएफएमच. म्हणून त्यासोबत १८ बाय १२ इंचांची ट्रान्सफर ग्रिल, म्हणजे हवा बाहेर जायला भिंतीतली जाळी, सांगितली होती. रिव्ह्यूत फक्त दारच आलं आहे. ही ग्रिल भिंतीत आतून वर आणि बाहेरून खाली अशी बसवली की बोलणं बाहेर कमी ऐकू येतं.

फॉल्स सीलिंगमधलं काम याहून महत्त्वाचं. शेवटच्या फ्लेक्सिबल डक्टला पाच फूट पुरले असते, तिथे नऊ फूट गुंडाळून ठेवलाय आणि लाइटच्या खोक्याखाली तो चेपलाय. जादा तुकडा कापून डक्ट ताणून बसवावा लागेल. स्लॅबखालच्या डक्टचं नायट्राइल (रबरी फोमचं) इन्सुलेशन दोन ठिकाणी फाटलंय. तिथे १९ मिमीचं नवं लावून सांधे मॅस्टिकने (सांधे भरायच्या लेपाने) बंद करायचे. कापडी टेप नको, उन्हाळ्यात सुटते.

हे झाल्यावरच बॅलन्सिंग, म्हणजे खोल्यांत हवेची नीट वाटणी. बेडरूमचा डँपर (डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून हॉलचा थोडा थोडा आवळायचा आणि दर वेळी सगळ्या ग्रिल पुन्हा मोजायच्या, कारण एक आवळला की बाकीच्यांची हवा बदलते. तुम्ही हॉलच्या ग्रिलच्या पट्ट्याच बंद केल्यात, त्याने फक्त शिट्टी वाजते. फारच बंद केल्या तर मशीनच्या गार कॉइलवर बर्फ धरतो. हिवाळ्यात हीटिंगला गरम हवा आपोआप वर जाते, म्हणून डँपरवर उन्हाळा-हिवाळा अशा दोन खुणा करून देऊ.

एवढं करूनही मे महिन्यात ही खोली हॉलपेक्षा एक-दोन अंश वरच राहील. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडतो. गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या फरशीचे तुकडे) किंवा पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह कोट आणि खिडकीला बाहेरून बांबूची चिक, एवढं कराच. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो.

डक्टपर्यंत पोचायला सीलिंगला दोन बाय दोन फुटांचा ट्रॅपडोअर (उघडता येणारं झाकण) तुमच्या पीओपीवाल्याकडून करून घ्या आणि कळवा. व्हिजिट चार्ज पुढच्या बिलातून वजा होईल. अंतिम रीडिंग संध्याकाळी पाच ते सातमध्ये, दार लावूनच, तुमच्यासमोर घेऊ.